मित्र नंतर, आधी हजेरी

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यापासून सोमवारच्या मीटिंगपर्यंत तू तोंडाने बोललास ते फक्त चार आकडे, डिलिव्हरीवाल्याला सांगितलेला ओटीपी. आणि खाली लिहिलंयस, "मॅडम, माझा स्वभावच तसा असेल." हे मला पटलं नाही. परभणीतही तुझा स्वभाव हाच होता ना? तिथे शाळा, गल्ली, मामाचं घर, गणपती मंडळ सगळं आयतं होतं. पुण्यात, वाकडच्या वन आरकेच्या भाड्यात यातलं काही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो, आणि त्यात तरुण जास्त आहेत. तेव्हा आपणच तेवढे कमी पडलो, हे डोक्यातून काढून टाक.

पोटासाठी गाव सोडणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत वीस-वीस जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे. गावोगावची मंडळं होती, भजनं होती. गोव्याहून जहाजावर नोकरीला निघालेल्या ख्रिस्ती पोरांसाठी धोबीतलाव, माझगाव भागात गावाच्या नावाने चालणारे 'कूड' होते. भिंतीलगत पेट्या, जमिनीवर पथाऱ्या आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. खाजगीपण नावालाही नव्हतं, आणि पुष्कळ ठिकाणी जातभाई असशील तरच जागा मिळायची. पण तिथे अबोल माणूसही एकटा पडत नसे, कारण सोबत कुणाच्या बोलकेपणावर सोडलेली नव्हती. तिची सोय लावलेली होती.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये मैत्रीचा चक्क तासांत हिशेब मांडला. ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, जिवलग व्हायला २००च्या वर. ऑफिसात शेजारी बसल्याचे तास त्यात फारसे धरता येत नाहीत, हेही त्यांना दिसलं. आता तू जाऊन आलास त्या मीटअपचं बघ. एक संध्याकाळ, तीस नवे चेहरे, आणि पुढच्या वेळी वेगळेच तीस. ५० तास भरायचे कधी?

म्हणून मित्र शोधू नकोस. ठरल्या वारी, ठरल्या वेळी तीच ती माणसं येतात आणि हाताला काम असतं, अशी एक जागा शोध.

पुण्यात गणपतीच्या दीड-दोन महिने आधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. नवख्यांनाही घेतात. मला स्वतःला तो दणदणाट सोसत नाही, मिरवणूक लांबली की मी खिडक्या लावून घेते. तरी तुला तिथेच धाडते आहे. ढोल आवळायला दोघे लागतात. एकाने तो दाबून धरायचा, दुसऱ्याने दोरी खेचायची. ढोलाच्या तोंडावरचं पान सैल राहिलं की आवाज फुसका येतो आणि दोघांनाही बोलणी बसतात. टिपरूने, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीने, बोटांना फोड आले की कुणीतरी न मागता चिकटपट्टी पुढे करतं. विषय काढायची गरज नाही. वाजवताना तर बोलणं ऐकूच येत नाही, म्हणजे तुझी सोयच झाली. सराव संपल्यावर सगळे टपरीवर चहाला थांबतात. तिथून तू "उद्या लवकर उठायचंय" म्हणत सटकणार, ओळखते मी तुला. सटकू नकोस. खरे तास तिथे भरतात.

ढोल नकोच असेल तर रविवारी टेकडीवर झाडांना पाणी घालणारे गट आहेत, ग्रंथालयं आहेत. एक धर आणि वर्षभर सोडू नकोस.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे जड जातील. बाकीचे एकमेकांना टोपणनावांनी हाका मारतील आणि तुझा हात फोनकडे जाईल. फोन सॅकमध्ये टाक आणि कुणाला नको असलेलं काम मागून घे. टेम्पोत ढोल चढव. हजेरीची वही तर जरूर माग. आठवड्याभरात सगळ्यांची नावं पाठ होतील, आणि न आलेल्याला "काय रे, आला नाहीस?" म्हणून फोन करायला हक्काचं निमित्त मिळेल. संकोची माणसाला निमित्त लागतं. मलाही लागतं.

एक गोष्ट मात्र वेगळी. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना आणि असे दोन आठवडे गेले, तर ते पथकावर सोपवू नकोस. डॉक्टरांना भेट. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडे मोजत बसू नकोस, त्याच क्षणी फोन कर. मलाही कर, रात्री दोन वाजता केलास तरी चालेल.

आता आषाढ लागतोय, सराव सुरू होतील. येत्या रविवारी घराजवळचं पथक गाठ. दूरचं नामांकित पथक धरलंस तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तुझा उत्साह संपेल. जुने सुती कपडे घाल, कानात कापूस घाल. पोरं हसतील, हसू देत.

तुझी,
मॅडम