ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गाणी लावण्याआधी

ऑपरेशन चालू असताना गाणी लावायची हौस चांगली आहे तुझी, पण ओटीतल्या आवाजावर पहिला हक्क भूल देणाऱ्यांचा, हे आधी डोक्यात घे. पल्स ऑक्सिमीटरची टिकटिक नीट ऐक. रक्तातला ऑक्सिजन घसरला की तिचा सूर खाली उतरतो आणि मॉनिटरकडे न बघताही भूल देणाऱ्या मॅडमना ते कळतं. तुझ्या ढोलकीत तो सूर बुडता कामा नये. म्हणून भूल देताना, उतरवताना आणि सिस्टर मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) मोजत असताना गाणं बंद. बारीक आवाजात नव्हे, बंद.

मधल्या वेळात खुशाल लाव. १९१४ मध्येच पेनसिल्व्हेनियाचे सर्जन इव्हान केन ओटीत फोनोग्राफ वाजवत होते, तेही रुग्णाचं मन रमावं म्हणून. १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात आवडीचं संगीत ऐकताना ५० सर्जनांचे नाडी-रक्तदाब कमी चढले. अर्थात तेव्हा ते गणितं सोडवत होते, कुणाचं पोट उघडून उभे नव्हते!

मी स्वतः विलंबित ख्याल लावतो. शब्द मोजके, त्यामुळे कान अडकत नाही. द्रुत सुरू झाली की असिस्टंटचा हात उगाच पळतो, असं माझं आपलं मत.

मणक्यात भूल दिलेला पेशंट जागा असतो, त्यालाच विचार. हर्नियाच्या आजोबांनी अभंग मागितला तर तुझी प्लेलिस्ट गुमान बंद. रक्तस्राव सुरू झाला तर गाणं बंद करायला सरांच्या ओरडण्याची वाट बघू नकोस. आणि गाणी आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर ऐन टाक्यात कर्जवाल्यांचा फोन वाजतो.