‘डफ’ कुठून आला?

टँबोरिनला मराठीत ‘डफ’ म्हणावे की ‘डफली’, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही नकोत. कड्यात धातूच्या चकत्या बसवलेल्या या वाद्यासाठी ‘खंजिरी’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे तो घरोघरी पोहोचलेला आहे. तरीही गोल कडे आणि त्यावर ताणलेले चामडे दिसले, की निवेदक वाघ्याच्या हातातल्या दिमडीलाही बेधडक डफ म्हणतात, हे ऐकून फार वाईट वाटते, कारण ‘डफ’ या शब्दाची स्वतःची वंशावळ विलक्षण आहे.

डफ हा केवळ ‘डफ्‌ डफ्‌’ अशा आवाजावरून आलेला देशी शब्द आहे, असे काही जण ठामपणे सांगतात. मला हे मुळीच मान्य नाही. अरबी ‘दफ्फ’ किंवा ‘दुफ्फ’ फारसीत ‘दफ’ झाला आणि तेथून आपल्याकडे आला. मग ‘द’चा ‘ड’ कसा झाला, असा आक्षेप घेणाऱ्यांनी संस्कृत ‘दंश’ आणि मराठी ‘डसणे’, ‘दोला’ आणि ‘डोलणे’ या जोड्या पाहाव्यात; आपल्या जिभेला हे वळण फार जुने आहे. अरबीची बहीण असलेल्या हिब्रूत याच वाद्याला ‘तोफ’ म्हणतात. इजिप्तमधून निघालेले इस्राएली लोक समुद्र पार झाल्यावर मोशेची बहीण मिर्याम आणि तिच्यामागून सर्व स्त्रिया नाचत निघाल्या, तेव्हा त्यांच्या हाती हीच तोफ होती, असे बायबलच्या निर्गम या पुस्तकात आहे. (आपली दारूगोळ्याची तोफ तुर्की ‘तोप’वरून आलेली आहे, तिचा येथे काही संबंध नाही.)

पण मला सर्वाधिक आनंद देते ती या शब्दाची पश्चिमेकडची शाखा. अरबी उपपद ‘अल्’ (इंग्रजी ‘the’सारखे) पुढच्या ‘द’मध्ये मिसळून ‘अद्दुफ्फ’ असा उच्चार होतो, आणि अरबांबरोबर इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, गेलेला तोच उच्चार पोर्तुगीज भाषेत ‘अदुफे’ म्हणून उपपदासकट टिकून राहिला. अदुफे मात्र चौकोनी असते. त्याला दोन्ही बाजूंनी कातडे असते, आत खुळखुळणारे दाणे किंवा तत्सम काही घातलेले असते, आणि पोर्तुगालच्या बैरा बायशा भागात ते परंपरेने स्त्रियाच वाजवतात. मिर्यामच्या सख्यांपासून या बायकांपर्यंत वाद्याचा आकार बदलला, पण ते वाजवणारे हात स्त्रियांचेच राहिले. शाहिराचा डफ आणि त्यांचे अदुफे ही एकाच शब्दाची दोन टोके आहेत.

ज्या ‘टँबोरिन’पासून प्रश्न सुरू झाला, त्या शब्दाचा या घराण्याशी संबंध नाही. तो फ्रेंच ‘तांबूर’ला लघुत्ववाचक प्रत्यय लागून बनला आहे, आणि दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्समध्ये त्या नावाने आजही ओळखला जातो तो एका काठीने वाजवायचा लांबट ढोल, ज्याला एकही चकती नसते. चकत्यांच्या वाद्याला फ्रेंच लोक ‘तांबूर द बास्क’ म्हणतात.