जबाबदार पर्यटनाचा अभ्यास आणि प्रचार करायचा आहे, गोव्यात सुरुवात कुठून करू?

प्रश्नाखाली ताईंनी लिहिलंय की त्या कोल्हापूरच्या, समाजशास्त्रात बीए झालंय, गोव्यात वर्षभर राहायची तयारी आहे, आणि त्यांना तीन गोष्टी हव्यात: कोर्स कोणता, सुरुवात कुठून, आणि यात नोकरी मिळते का.

ताई, मी पेडणे तालुक्यातला. घरामागच्या खोल्या सीझनला भाड्याने देतो आणि मधली काही वर्षं पंचायतीच्या कचरा कमिटीवर होतो, म्हणजे टुरिस्टकडून पैसे घेणारा पण मीच आणि त्याच्या बाटल्या उचलायला लावणारा पण मीच. तेवढ्यावरून बोलतोय, मी काही प्रोफेसर नाही.

कोर्सचं आधी उरकतो. केंद्र सरकारची आयआयटीटीएम म्हणून टुरिझम शिकवणारी संस्था आहे, मुख्य ठिकाण ग्वाल्हेर, गोव्यातही त्यांचं केंद्र आहे, पण इथलं केंद्र मुळात वॉटर स्पोर्ट्सचं. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, तिथे समाजशास्त्रात एमए करता येतं, आणि मला विचाराल तर तुमच्यासाठी तेच बरं. कारण टुरिझमच्या कोर्समध्ये पर्यटक कसा आणायचा हे शिकवतात, आणि आमच्याकडे पर्यटक आणायचा प्रॉब्लेम कधी नव्हताच! ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिलचे निकष नेटवर फुकट आहेत ते वाचून काढा, त्यात गावाचं व्यवस्थापन, लोकांची कमाई, संस्कृती, पर्यावरण असं सगळं येतं. सर्टिफिकेट नंतर घेता येईल.

आता मुख्य गोष्ट. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला एक जाहीरनामा झाला, जबाबदार पर्यटनावर बोलणारे सगळे त्याचं नाव घेतात. त्यात म्हटलंय की आधी लोकांना राहायला चांगली जागा करायची आणि मग लोकांना भेट द्यायला चांगली जागा. हा क्रम महत्त्वाचा आहे. गोव्यात (आणि मला वाटतं सगळीकडेच) तो उलटा चालतो, आधी पाहुणा खूश, मग उरलंच काही तर गावाला. अभ्यास करायचा तर या क्रमाने करा, म्हणजे सहा महिने टुरिस्टची मुलाखतच घेऊ नका. फॉर्म घेऊन बीचवर उभं राहून "आपको गोवा कैसा लगा" विचारणारी मुलं दर सीझनला येतात, सगळे सांगतात छान वाटलं, रिपोर्ट तयार.

त्याऐवजी ग्रामसभेला जाऊन बसा. बहुतेक रविवारी सकाळी असते, तुम्ही मतदार नसल्यामुळे बोलता येणार नाही पण सरपंचांना किंवा पंचायत सेक्रेटरीला आधी विचारलंत तर मागे बसू देतात. तिथे जे भांडण चालतं तोच तुमचा सिलॅबस समजा. कोणाच्या विहिरीचं पाणी खारट झालं, कोणत्या व्हिलाला दिवसातून किती टँकर येतात, कुणी शेतात भराव टाकला, रात्री दहा वाजल्यानंतर म्युझिक कोणाचं चालू होतं आणि पोलिसांना फोन केल्यावर काय झालं. पंचायतीत जैवविविधता समिती असते, २००२ च्या कायद्यामुळे, आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि लोकांना त्यांच्याबद्दल असलेल्या माहितीची नोंद, ती बघायला मागा. काही ठिकाणी मनापासून केलेली आहे, काही ठिकाणी कॉपी-पेस्ट. तुमच्या गावातली यातली कोणती हे कळलं तरी गाव कळलं म्हणायचं.

दुसरं म्हणजे पैशाच्या मागे जा. एक खोली घ्या, रात्रीचं भाडं समजा तीन हजार. त्यातलं ॲपचं कमिशन किती, जागेचा मालक गावात राहतो की दिल्लीत, चादरी कुठे धुतात, मासे मोरजीच्या होडीतले की मडगावच्या घाऊक मार्केटमधून आलेले, वेटर कुठला आणि त्याला झोपायला जागा कुठे दिलीय. शॅकचं, म्हणजे बीचवर सीझनपुरत्या उभारलेल्या हॉटेलाचं, परमिट सरकार स्थानिक माणसाला देतं, पोटभाड्याने द्यायला बंदी आहे, पण चालवणारा खरंच तोच आहे का हे काउंटरवर अर्धा तास बसलात की तुमचं तुम्हालाच कळेल. हा हिशोब प्रत्येक गावात वेगळा येतो आणि तो कुठल्या पुस्तकात तयार मिळणार नाही.

पुस्तकातलं लागणारच असेल तर डॉक्सी नावाच्या माणसाने १९७५ मध्ये मांडलेलं बघा, गावकरी आधी पाहुण्यांमुळे हरखतात, मग त्यांना सवय होते, मग चिडचिड, आणि शेवटी उघड विरोध. आमच्याकडे बसवून बघितलं तर आत डोंगरातल्या नेत्रावळीला अजून कौतुक आहे, किनाऱ्यावरच्या गर्दीच्या कळंगुटचं काय ते तुम्हीच ठरवा. पण एका गावाचं मन एक नसतं हे त्यात नीट येत नाही. टॅक्सीवाल्याला गर्दी हवी, बाइक भाड्याने देणाऱ्याला हवी, मला खोल्यांपुरती हवी, आणि रापणकाराला अजिबात नको. रापण तुम्ही मालवणकडे बघितली असेल, किनाऱ्यावरून जाळं ओढायला मोकळी वाळू लागते, लांबच्या लांब. तिथे डेकबेड (टुरिस्टला उन्हात पडायच्या खाटा) मांडले आणि वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी लावल्या की ओढणार कुठून? आणि गंमत म्हणजे कित्येकदा रापणकाराचाच मुलगा वॉटर स्पोर्ट्सला कामाला असतो. मग घरातल्या घरात विरोध कोणी कोणाला करायचा.

आणि विरोध नवा आहे असं समजू नका. ऐंशीच्या दशकात चार्टर विमानं यायला लागली तेव्हाच जागृत गोंयकारांची फौज म्हणून गट होता, १९८७ च्या सुमारास त्यांनी परदेशी पर्यटकांच्या बसेसचं शेणाने स्वागत केलेलं. गोवा फाउंडेशन १९८६ पासून किनाऱ्यावरच्या बांधकामांवर कोर्टात जातंय. बेंगळुरूची इक्वेशन्स ही संस्था १९८५ पासून पर्यटनाच्या परिणामांवर काम करते, गोव्यावरही त्यांनी बरंच लिहिलंय, ते मिळवून वाचा म्हणजे आपण काहीतरी पहिल्यांदा शोधून काढलंय असं वाटणार नाही.

एकच विषय धरायचा असेल तर मी कासव सांगीन. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून पुढे, म्हणजे नेमका आमचा सीझन. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने. पिल्लू रात्री निघतं आणि जिकडे उजेड जास्त तिकडे जातं, पूर्वी तो उजेड समुद्राकडे असायचा, आता शॅककडे असतो. एकेकाळी गावातलेच लोक अंडी खायचे, नव्वदीच्या दशकात मोरजीला गावकरी आणि वनखातं मिळून राखण सुरू झाली, आणि राखणीला त्याच गावातली माणसं. आता यात सगळं आलं बघा: कायदा आहे, कासव वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, किनाऱ्यावरच्या बांधकामांना आवर घालणारा सीआरझेड नियम आहे, रोजगार आहे, राखणदाराचा पगार वेळेवर येतो का हे आहे, लाइट बंद करायला सांगितलं की धंदा पडतो म्हणणारा आहे, आणि पिल्लं सोडताना फ्लॅश मारून फोटो काढणारा निसर्गप्रेमी पण आहे. एवढ्या एका किनाऱ्यावर एमएचा प्रबंध होतो.

प्रचाराबद्दल जरा कडक बोलतो, राग मानू नका. जबाबदार पर्यटनाच्या नावाखाली जे चालतं त्यातलं अर्धं म्हणजे "बीच सोडून खरा गोवा बघा" म्हणत नवीन गाव दाखवणं. धबधब्यांचे रील बघून पावसाळ्यात इतकी माणसं जंगलात घुसली आणि बुडली की २०२३ मध्ये वनखात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायलाच बंदी घातली. पर्राचा माडांचा रस्ता फोटोंमुळे इतका फेमस झाला की २०१९ मध्ये पंचायतीने फोटोसाठी पैसे लावायचा प्रयत्न केला. पणजीत फोंतेन्हासला लोकांच्या दारातल्या पायरीवर बसून लग्नाआधीचं शूटिंग चालतं, आत माणूस दुपारचा झोपलेला असतो. तेव्हा एखाद्या गावाला पार्किंग, संडास, कचऱ्याची गाडी नसेल तर त्या गावाचं नाव न घेणं हासुद्धा प्रचारच आहे. इन्फ्लुएन्सरला हे पटत नाही, तुम्हाला पटलं तर बरं.

मग करायचं काय तर मराठीत करा, आणि येणाऱ्याच्या गावात करा. इंग्रजीत "डूज अँड डोन्ट्स"चे बोर्ड भरपूर आहेत, ते वाचणारा मुळात कमी कचरा करतो. पण आंबोलीतून उतरून कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या येतात, सोबत शेगडी, पातेलं, चिकन, आणि रस्त्याच्या कडेला चूल मांडतात. पैसे वाचवायचे असतात हे मला कळतं, चेष्टा नाही करत, घरचा माणूस सहकुटुंब निघाला की हॉटेलचं बिल झेपत नाही. पण उघड्यावर स्वयंपाक, बीचवर दारू पिणं, बाटल्या फोडणं याला दंड आहे (२०१९ मध्ये तो दोन हजार ठेवला होता, ग्रुप असेल तर दहा हजार), हे त्यातल्या बहुतेकांना पकडल्यावरच कळतं. हे निघण्याआधी कळलं पाहिजे, म्हणजे तुमच्या स्टँडवर, ट्रॅव्हल्सवाल्याकडे, तालमीच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आणि नुसतं "करू नका" नको, स्वस्तात जेवायचं कुठे ते सांगा, गावातली फिश थाळी कुठे मिळते, खोली घेताना पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का ते विचारा (१९८२ च्या कायद्याने माझ्यासारख्यांना पण ती करावी लागते), काचेच्या बाटल्या परत गाडीत टाका. काचेचं मुद्दाम सांगतो, साळगावला २०१६ पासून कचऱ्याचा मोठा प्लांट आहे पण वाळूत फुटलेली काच तिथपर्यंत जात नाही, ती सकाळी अनवाणी येणाऱ्या मासेमाराच्या पायात जाते.

शक्य झालं तर मधे केरळात कुमारकोमला जाऊन या. तिथे २००७ मध्ये सरकारने चार ठिकाणी प्रयोग सुरू केला त्यातलं हे एक, हॉटेलांनी भाजीपाला गावातल्या बायकांच्या गटांकडून घ्यायचा असं ठरवलं. म्हणायला सोपं, पण भाव कोण ठरवणार, रोज तेवढा माल कुठून येणार, माल खराब निघाला तर काय, यावर पंचायतीला बसवून कमिट्या कराव्या लागल्या. २०१७ ला त्याचं राज्यभर मिशन झालं. आमच्याकडे कोणीही उठून "केरळ मॉडेल आणा" म्हणतं, पण भावाच्या कमिटीबद्दल कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं ते सगळं चाललं ते त्या कमिटीमुळे.

नोकरीचं खरं सांगायचं तर "जबाबदार पर्यटन अधिकारी" अशा जाहिराती फारशा दिसत नाहीत. मोठ्या हॉटेलांत सस्टेनेबिलिटीचं पद असतं, तिथे दिवसभर पाण्या-विजेचे आकडे भरायचं काम, वाईट नाही, शिकायला मिळतं. संस्थांमध्ये प्रोजेक्टपुरतं काम मिळतं आणि प्रोजेक्ट संपला की संपलं. पक्षी किंवा वारसा दाखवणारे छोटे टूरवाले असतात त्यांना मराठी बोलणारी, गावात ओळखी असलेली माणसं लागतात, पण ओळखी व्हायला वेळ जातो, त्यामुळे पहिलं वर्ष घरून थोडी मदत असेल असंच धरून या. आणि जूनमध्ये या. शॅक मे अखेर काढलेले असतात, खोल्यांचं भाडं उतरतं, लोकांना बोलायला वेळ असतो, ऑक्टोबर लागला की माझ्यासकट कोणी तुमच्याशी दोन मिनिटं नीट बोलणार नाही.