टाचेच्या हाडाचा कोन आणि ऑपरेशनचा निर्णय

प्रश्न : पावसाळ्यापूर्वी घराच्या धाब्यावर माती टाकताना माझे वडील (वय ५८) अंगणात पडले आणि त्यांच्या उजव्या टाचेचे हाड मोडले. एक्स-रेच्या अहवालात ‘बोहलर कोन ८ अंश’ असे लिहिले आहे. डॉक्टर सीटी स्कॅन करायला सांगतात, तर नातेवाईक प्लास्टर पुरे म्हणतात. या आकड्यावरून ऑपरेशन ठरते का?
— एक वाचक, यावल

उत्तर : केवळ आकड्यावरून ठरत नाही, पण सीटी स्कॅनचा सल्ला योग्य आहे.

ऑस्ट्रियाचे शल्यचिकित्सक लोरेन्झ बोहलर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कोन पायाच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर मोजतात. टाचेच्या हाडावरील मागच्या सांध्याचा सर्वांत उंच बिंदू धरून एक रेषा मागच्या उंचवट्याच्या माथ्याकडे आणि दुसरी पुढच्या टोकाच्या माथ्याकडे ओढली, की त्यांच्यात जो लघुकोन होतो तो निरोगी पायात साधारण २० ते ४० अंश असतो. उंचावरून टाचेवर पडल्यावर घोट्यातले हाड पाचरीसारखे खाली घुसते, सांध्याचा पृष्ठभाग खचतो आणि कोन उतरत शून्यावर, कधी उणेही जातो. ८ अंश म्हणजे हाड बरेच खचले आहे. मात्र पाय तिरका ठेवून एक्स-रे काढला असेल, तर आकडा फसवा निघतो. म्हणून दुसऱ्या टाचेचाही काढून ताडून पाहावा. उलट, सांध्याचा फक्त बाहेरच्या बाजूचा भाग खचला असेल, तर कोन सामान्य दिसूनही सांधा बिघडलेला असू शकतो.

सांध्याचे तुकडे किती झाले आणि ते किती सरकले, हे सीटीतच कळते. नातेवाईकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, कारण सरकलेल्या काही फ्रॅक्चरवरही ऑपरेशनविना उपचार होतात. विशेषतः मधुमेह असेल किंवा बिडी-तंबाखूची सवय असेल, तर ऑपरेशनची जखम चिघळण्याची भीती मोठी असते. ऑपरेशन ठरले तरी सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा आठवडा-दोन आठवडे, थांबतात. पण हाडाचा तुकडा टाचेच्या मागच्या कातडीला आतून ताणत असेल आणि ती पांढरी पडली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वडिलांची कंबर दुखत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा पडण्यात मणकाही मोडलेला असू शकतो.