शेवटी खून पाडायचाच का?

प्रश्न : मी ऐरोलीची, पहिल्यांदाच दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. बिल्डरने फसवलं त्या धक्क्याने वडील गेले, म्हणून मुलगी शेवटी त्याला साईटवरच संपवते. नवरा म्हणतो एन्ड एकदम भारी, मला मात्र वाचून झालं की कसंतरीच होतं. बदलू का? कथा सोबत पाठवतेय.

उत्तर : अहो ताई, त्या कसंतरी होण्याचं ऐका थोडं! मारामारीला माझा विरोध नाही हां, व्हिलन आडवा झाला की मीपण थेटरात शिट्टी मारलीय, पण ठाण्याला येऊन वाशी लोकल पकडेपर्यंत ती मजा उतरलेली असते. महाभारत बघा ना, भीम दुःशासनाची छाती फोडून रक्त पितो ते कर्णपर्वात, म्हणजे १८ पैकी ८व्या पर्वात, अजून १० पर्वं बाकी! पुढे अश्वत्थामा बापाचा सूड म्हणून झोपलेल्यांना कापतो आणि मग स्त्रीपर्वात बायका रणांगणावर आपापल्या माणसांसाठी रडत फिरतात, व्यास तेही दाखवतात.

तुमच्या कथेत वडिलांनी पासबुकात घडी घालून ठेवलेली टोकनची पावती आहे ना, ती जबरदस्त आहे, पण एकदाच येते. खून ठेवायचा तर ठेवा, फक्त तिथे थांबू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी आईला चहा देताना ती त्या पावतीचं काय करते ते लिहा. आणि बिल्डरला जरा माणूस करा हो, सध्या तो नुसती सोन्याची चेन आहे.