सीप्लेन शिकायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी मी सहज लिहिलं की फ्लोरिडात तळ्यांवर सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान, शिकवतो, तर इनबॉक्स भरून गेला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतोय.

पुण्याहून एक वाचक: माझ्याकडे डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं) पीपीएल, म्हणजे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे. अमेरिकेत सुट्टीला येणार आहे, दोन दिवसांत सीप्लेन रेटिंग होतं म्हणतात, खरं का?

होतं, खरंच होतं. अमेरिकेत आधीचं प्रायव्हेट लायसन्स असेल तर सिंगल इंजिन सी (एका इंजिनाचं सीप्लेन उडवायची लायसन्सवरची जादा परवानगी) या रेटिंगला लेखी परीक्षा नाही, किमान तासांची अटही नाही, इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात सही करायची आणि एग्झामिनरसोबत चेकराईड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, द्यायची, बस. बहुतेकांचं पाच-सहा तासांच्या उड्डाणात होऊन जातं. विंटर हेवनला जॅक ब्राउन्स म्हणून जुनी शाळा आहे, तिथे फ्लोटवाल्या (चाकांऐवजी होडीसारखे तरंगे लावलेल्या) पायपर कब या छोट्या विमानावर हेच चालतं, आणि हौशी लोकांचं ते अर्धं तीर्थक्षेत्रच आहे. बजेट म्हणाल तर दोन-अडीच हजार डॉलर धरून चला, एग्झामिनरची फी वेगळी.

पण तुमच्या बाबतीत एक मेख आहे. आधी तुमच्या भारतीय लायसन्सवर एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं) सर्टिफिकेट घ्यावं लागेल, त्यासाठी एफएए डीजीसीएकडून पडताळणी करून घेतं आणि मग पत्र देतं. ते तिकीट काढल्यावर नाही, कितीतरी आधी सुरू करा. एक जण विमानतळावरून थेट माझ्याकडे आला होता, पत्र आलंच नव्हतं, बिचारा दोन दिवस मागे बसून फोटो काढत राहिला.

आणि दुसरी गोष्ट, जी शाळा जाहिरातीत लिहीत नाहीत. रेटिंग मिळालं की सीप्लेन भाड्याने घेऊन एकट्याने उडवू असं मनात असेल तर ते काढून टाका. इन्शुरन्समुळे फ्लोटवालं विमान सोलो द्यायला जवळजवळ कुणी तयार नसतं. स्वतःचं विमान घ्या, नाहीतर दरवेळी इन्स्ट्रक्टर सोबत घ्या. हे माहीत असूनही करावंसं वाटत असेल तरच करा, आणि वाटणाऱ्याने नक्की करा.

सिअॅटलहून: मी पाचशे तास उडवलंय, सीप्लेनमध्ये नवीन काय शिकायचं असतं?

उडणं नाही. हवेत गेल्यावर ते विमानच आहे, जरा जड आणि आळशी. नवीन आहे ते पाणी. आणि पाचशे तासवाल्यांनाच जास्त त्रास होतो असं माझं मत झालंय, कारण त्यांचे पाय ब्रेक शोधत असतात, आणि ब्रेक नाहीतच. इंजिन चालू आहे म्हणजे विमान चाललंय, थांब म्हटलं तरी थांबत नाही. वर वाऱ्याने ते छपरावरच्या वारा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यासारखं तोंड वाऱ्याकडे फिरवत राहतं. म्हणून जेटीला लावायचं कसं हे तुम्ही जेटीपासून शंभर मीटर लांब असतानाच ठरवलेलं पाहिजे.

टेकऑफची गंमत वेगळीच आहे. फ्लोटच्या तळाला मध्यभागी एक खाच असते, तिला स्टेप म्हणतात. आधी पाण्यातली सुकाणू वर घ्यायची (हे विसरतातच, रोज कोणीतरी विसरतं), स्टिक पोटाशी, फुल थ्रॉटल, नाक वर येतं, समोर काही दिसत नाही, आणि मग विमान समोर उठलेला पाण्याचा फुगवटा ओलांडून स्टेपवर येतं, म्हणजे फ्लोटचा पुढचा भागच पाण्याला टेकून चपट्या दगडासारखं घसरत जातं. आता स्टिक किती सैल सोडायची ते हाताला कळायला लागतं. कमी सोडली तर पाणी ओढून धरतं, जास्त सोडली तर विमान डॉल्फिनसारखं वर-खाली डुलायला लागतं, आणि ते वाढत गेलं तर प्रकरण हाताबाहेर.

ठाण्याहून: सगळ्यात अवघड काय? लाटा?

उलट. आरशासारखं शांत पाणी. फोटोत जे सगळ्यात सुंदर दिसतं तेच. खडकवासल्याला पहाटे वारा पडलेला असताना पाण्याकडे बघा, पाणी कुठे संपतं आणि आकाशाचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते कळत नाही. वरून तर उंचीचा काहीच अंदाज येत नाही. मी शिकत असताना अगदी आत्मविश्वासाने विमान पाण्यावर अलगद ठेवलं, फक्त पाणी अजून पंधरा फूट खाली होतं. मागच्या सीटवरून इन्स्ट्रक्टरने थ्रॉटल ढकलला नसता तर आज हे लिहीत बसलो नसतो बहुतेक.

यावर उपाय म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवायचाच नाही. काठाच्या जवळून, झाडं-गवत कडेने दिसत राहतील असं यायचं, काठ आहे तोवर नाक जरासं वर करून पॉवर अशी लावायची की विमान मिनिटाला दीडशे फूट किंवा त्याहून कमी वेगाने खाली येत राहील, आणि मग काहीही करायचं नाही. खरंच काही नाही. फ्लेअर (शेवटच्या क्षणी नाक उचलणं) नाही, डोकावणं नाही. पाणी येईल तेव्हा येईल. यात तळं भरपूर लांब लागतं आणि वाट बघणं भयंकर लांब वाटतं, मी विद्यार्थ्यांना त्या वेळी मनात अथर्वशीर्ष म्हणा सांगतो, मराठी असले तर.

मालवणहून: आमचं घर मच्छीमारांचं, लहानपणापासून होडीत आहे. याचा उपयोग होईल का?

तुम्ही अर्धा कोर्स करूनच आला आहात हो. पायलटला विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लागतो, तुमच्या घरच्या तांडेलाला लागत नाही. वारा कुठून आहे ते पाण्यावरच लिहिलेलं असतं: वाऱ्याच्या दिशेने पडलेल्या रेघा, नांगरलेल्या होड्यांची तोंडं, ज्या काठाकडून वारा येतो तिथली शांत पाण्याची पट्टी. लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले की छोटं कब जेटीलाच बांधलेलं बरं. आणि आमच्याकडे एक प्रकार आहे, सेलिंग: जोराच्या वाऱ्यात इंजिन बंद करून विमान शिडासारखं वापरत मागे मागे काठाला न्यायचं. शहरी पायलट घाबरतात, तुम्हाला हसू येईल.

बाय द वे, पाण्यावर असताना सीप्लेनने होड्यांपासून लांब राहायचं असा नियमच आहे. विमान आहे म्हणून रुबाब चालत नाही.

नाशिकहून एक आई: मुलगा कॅनडात सीप्लेन शिकतोय, त्याला नीट पोहता येत नाही. धोका किती?

काकू, पोहण्यापेक्षा बाहेर पडणं महत्त्वाचं. सीप्लेन पाण्यात उलटलं की माणसं बऱ्याचदा धक्क्यातून वाचतात आणि आत अडकून बुडतात. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटिश कोलंबियात सॅटर्ना बेटापाशी एक बीव्हर विमान पडलं, आठपैकी सहा जण गेले. त्यानंतर तिथल्या तपास मंडळाने दारं-खिडक्या पटकन निघाव्यात आणि लाइफजॅकेट अंगावरच असावं अशी शिफारस केली.

त्याला तीन गोष्टी विचारा. जॅकेट अंगात घालतो का, सीटखाली नाही. जॅकेट विमानाच्या आत फुगवायचं नाही हे त्याला माहीत आहे का, कारण फुगलेला माणूस छताला चिकटतो आणि दारातून निघत नाही. आणि पट्टा सोडण्याआधी एका हाताने दार किंवा खिडकीची कड घट्ट धरायची हे पाठ आहे का, कारण उलटं झाल्यावर वर-खाली, डावं-उजवं सगळं विसरायला होतं. स्विमिंग पूलमध्ये उलटं करून हेच शिकवणारे कोर्स असतात, तेवढे पैसे त्याला द्याच. आणि पोहायलाही शिकू दे की, त्यात काय!

चाकं असलेलं, म्हणजे जमीन-पाणी दोन्हीवर उतरणारं विमान असेल तर अजून एक: चाकं बाहेर ठेवून पाण्यावर उतरलं की विमान कोलांटी खातं. म्हणून प्रत्येक लँडिंगला मोठ्याने बोलायचं, "पाण्यावर उतरतोय, चाकं वर." लाजायचं नाही.

कोल्हापूरहून: आपल्याकडे कधी येणार हे?

प्रवासी सेवेचे प्रयत्न झालेत. २०१४ मध्ये जुहूहून पवना धरणापर्यंत सीप्लेन सुरू केलं होतं, डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीला जपानी कंपनीच्या कोडियाक विमानाचं प्रात्यक्षिक झालं, ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी बंद पडलं. गंमत म्हणजे १९३०च्या दशकाच्या शेवटी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या उडत्या बोटी (पोटच होडीसारखं असलेली मोठी विमानं) राजसमंद आणि ग्वाल्हेरच्या तळ्यांवर उतरत होत्या. तळी आपल्याकडे कधीच कमी नव्हती. हौसेसाठी मात्र लागतो तो छोटा क्लब, दोन कब आणि ज्याला रोज सकाळी फ्लोटमधलं पाणी पंपाने काढायचा कंटाळा नाही असा माणूस. फ्लोटला निदान चार बंद कप्पे असतात, प्रत्येक कप्पा रोज तपासायचा, एक जरी राहिला तरी विमान स्टेपवर यायला कुरकुर करतं.

आणि शेवटचा, डोंबिवलीहून: बूट कोणते घालू?

भिजले तरी चालतील असे, पातळ तळव्याचे, ओल्या फ्लोटवर न घसरणारे. मालदीवचे सीप्लेन पायलट अनवाणीच उडवतात. तुम्ही पहिल्या दिवशी पाण्यात पडणारच आहात, मोबाइल तेवढा कारमध्ये ठेवा.