गॅस येतो, पण पेटत नाही

प्रश्न : ताई, आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, १२० घरांची. रोज साठेक किलो ओला कचरा निघतो. जानेवारीत आवारातच बायोगॅसचा प्लांट बसवला. वॉचमन आणि सफाई कामगारांचं चहा-जेवण त्याच्याच शेगडीवर होत होतं. गणपती झाले आणि बिनसलं. गॅस साठवायचा फुगा फुगतो, पण काडी लावली की ज्योत धरत नाही. टाकीपाशी आंबट वास येतो. बसवणाऱ्याने फोनवर ‘चुना टाका’ एवढंच सांगितलं. कमिटीतले काहीजण म्हणतात, बंद करा आणि कचरा पालिकेच्या गाडीत देऊन मोकळे व्हा. काय करावं? – सचिव, मुलुंड

उत्तर : प्लांट बंद करू नका, आणि चुन्याचं पोतं तर मुळीच रिकामं करू नका. तुमच्या टाकीला अजीर्ण झालंय. बरं होणारं आहे.

गणपतीत टाकीत काय गेलं असेल ते मी इथे बसून सांगते. उकडीच्या मोदकांच्या उरलेल्या पाऱ्या, गौरीजेवणाचा भात, पुरण, प्रसादाची काळी पडलेली केळी. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि सगळं पिठूळ नाहीतर गोड. आत दोन तऱ्हेचे जीवाणू एकामागून एक काम करतात. पहिले अन्न फोडून त्याची आम्लं करतात; दुसरे ती आम्लं संपवून मिथेन, म्हणजे जळणारा वायू, तयार करतात. पहिल्यांना पीठ-साखर मिळाली की ते काही तासांत भराभर वाढतात. दुसरे सावकाश वाढणारे, आणि त्यांना आंबटपणा सोसत नाही. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात; आकडा जितका खाली, तितका आंबटपणा जास्त. पीएच ६.८ ते ७.५ असेल तोवर ते खूश. साडेसहाच्या खाली गेला की काम थांबवतात, आणि आम्लं साचतच राहतात. फुगा भरतोय तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडने. चांगल्या बायोगॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, म्हणून तो निळा जळतो. तुमच्याकडे सध्या तो फारच कमी आहे.

तेव्हा आधी भरणं थांबवा. पूर्ण थांबवा, अर्धी बादलीसुद्धा नको. बाजारात पीएच पेपर मिळतात, ते आणून रोज सकाळी स्लरी, म्हणजे टाकीतला पातळ काला, तपासा आणि आकडा वहीत लिहा. आरे कॉलनीतल्या एखाद्या तबेल्यातून ताजं शेण आणा, तेवढंच पाणी घालून शेणकाला करा आणि टाकीत सोडा. त्यातून मिथेन करणारे जीवाणू नव्याने आत जातात. पीएच सहाच्या आसपास असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. चुना एकदम टाकला तर त्याचा खडू होऊन तळाशी बसतो, आणि पीएच कुठे जाईल याचा नेम राहत नाही. फुग्यातला न जळणारा वायू मोकळ्या हवेत सोडून द्या. गॅस पेटतो का हे फक्त शेगडीवर, खिडक्या उघड्या ठेवून बघायचं. टाकीजवळ काडी ओढायची नाही. आणि कळकळीने सांगते, ‘आत उतरून बघतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला हात धरून थांबवा. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही तिथेच राहतो.

निळी ज्योत परत आली की पंधरा किलोपासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. कमिटीतले घाई करतील. करू द्या.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही : टाकी भरतं कोण? माझा अंदाज, ज्या दिवशी जो मोकळा असेल तो. माझ्याकडे चेंबूरला एका कँटीनच्या मागचा प्लांट आहे. तो चालतो तो तिथल्या मावशींमुळे. त्या कचरा आधी पत्र्याच्या ट्रेवर पसरतात. हाताने चमचे, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, करवंट्या, हाडं, आंब्याच्या कोयी बाजूला काढतात. लिंबा-संत्र्याची सालंही काढतात, कारण त्यातलं तेल जीवाणूंना मारक असतं. उरलेलं तोलून, वाटून, तेवढंच पाणी घालून आत सोडतात. वजन ठरलेलं, जास्तीचं आलं तर ते खताच्या खड्ड्यात जातं. तुम्हीही खड्डा मोडू नका. निर्माल्य, झाडांचा पाला, शहाळी टाकीत पचत नाहीत, त्यांची जागा तिथेच. मशीनवर लाखो रुपये घालणाऱ्या सोसायट्या भरणाऱ्याचा पगार वाढवताना हात आखडतात, याचा मला मनापासून राग येतो. एक माणूस नेमा, त्याला हातमोजे, गमबूट आणि वजनकाटा द्या, आणि सणाच्या दिवशी ‘आज एवढंच’ म्हणण्याचा अधिकार द्या.

आम्लाची ही अडचण जुनीच आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ प्लांट विकसित केला, त्यात अन्न फोडण्याचं पहिलं काम वेगळ्या टाकीत, गरम पाणी आणि हवा देऊन करून घेतात, आणि मग मुख्य टाकीत सोडतात. एकटाकी प्लांटमध्ये ती उसंत नसते, म्हणून शिस्त आपल्याला पाळावी लागते. मुंबईची हवा मात्र आपल्या बाजूने आहे. या जीवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, इथे टाकी तापवायला लागत नाही. माटुंग्याच्या कुष्ठधामात तर १८९७ मध्येच मैल्याच्या टाक्यांवर गॅस गोळा करत होते.

साठ किलोंतून, सगळं नीट चाललं तर, रोज पाच-सहा घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे सुमारे अडीच किलो एलपीजी. सहाएक दिवसांत एका घरगुती सिलिंडरइतका. कमिटीला हे सांगा. आणि हेही सांगा की गाडीत दिलेला भात कुठेतरी ढिगाखाली याच जीवाणूंच्या हाती लागतो, फक्त तिथला मिथेन हवेत निसटू शकतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट उष्णता धरून ठेवतो. मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं. त्याच्या शेजारच्या हरिओम नगरच्या लोकांना विचारा, त्या वासात खिडक्या लावून जेवणं म्हणजे काय होतं. तो कचरा दुसऱ्या कुणाच्या खिडकीखाली पाठवायचा का, हे कमिटीने ठरवावं.

प्रश्न : आमच्या प्लांटमधून निघणारी स्लरी कुंडीतल्या तुळशीला घातली, तर ती करपली. खत वाईट आहे का? – एक वाचक, दहिसर

उत्तर : खत चांगलं आहे, पण नुसतं घालायचं नसतं. त्यात अमोनिया असतो, आणि शिजलेल्या अन्नाचं मीठही. उघड्या बादलीत दोन-तीन दिवस ठेवा, मग एक मग स्लरीला दहा मग पाणी घालून मुळाशी द्या, पानांवर नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. करपलेल्या तुळशीला आधी भरपूर साधं पाणी घालून माती धुऊन निघू द्या. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. मुळं शाबूत असतील तर नवी पालवी फुटेल.